इंग्रजी ‘बरं’ येतं, त्याच्यापुढे शब्द कसे वाढवायचे?

अक्षरवेल

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. इंग्रजी पहिल्यापासून शिकायचं असेल तर सगळीकडे भरपूर माहिती मिळते, पण ज्यांचं इंग्रजी ‘बरं’ आहे, म्हणजे बातम्या वाचता येतात, मीटिंगमध्ये बोलता येतं, ईमेल लिहिता येतात, त्यांनी पुढे काय करायचं याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. या टप्प्यावर काम अडत नाही आणि तीच खरी अडचण आहे. काम अडत नाही म्हणून नवीन शब्दाची गरज वाटेनाशी होते, आणि लिहायला बसलं की परत तेच गुड, बिग, इम्पॉर्टंट, प्रॉब्लेम, इन्क्रीज. वाचताना कळणारे शब्द हजारोंनी असतात पण लिहिताना हात जातो तो त्याच ठरलेल्या शब्दांवर.

माझं मत आधीच सांगते, पटलं नाही तर जरूर खोडून काढा. ॲडव्हान्स्ड व्होकॅब म्हणजे कोणी कधी न ऐकलेल्या शब्दांचा साठा असं मला अजिबात वाटत नाही. आपल्याला जे शब्द अर्धवट माहिती असतात, ‘हां, साधारण असं काहीतरी’ म्हणून आपण ज्यांच्यावरून पुढे जातो, त्यांची ओळख पक्की करणं हे त्यातलं सगळ्यात मोठं काम आहे. मिटिगेट घ्या. कोणीही सांगेल, अर्थ ‘कमी करणे’. पण मग मिटिगेट द प्राइस का म्हणत नाहीत? कारण मिटिगेट होतो तो धोका, नुकसान, वाईट परिणाम. किंमत, वजन, आवाज यांना तो शब्द लागत नाही. कोर्टाच्या बातम्यांत मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस येतं तेही त्याच अर्थाने, गुन्हा तोच पण त्याचा दोष थोडा सौम्य ठरावा अशी परिस्थिती. एवढं सगळं कळलं की मग तो शब्द आपला झाला, नुसतं ‘कमी करणे’ पाठ करून होत नाही.

तर तुम्ही काय करता? याद्या पाठ करता का, ॲप वापरता का, नुसतं वाचता? आणि कळणारा शब्द वापरात कसा आणता? सविस्तर लिहा प्लीज.

कासवगती

चांगला धागा. पण याद्यांना एकदम मोडीत काढू नका हो. मी जीआरईची, म्हणजे परदेशी उच्चशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतोय आणि यादीशिवाय इतके शब्द एवढ्या कमी वेळात समोर येणारच नाहीत. वाचनातून एखादा दुर्मिळ शब्द परत भेटायला महिनेच्या महिने जातात, तोवर परीक्षा होऊन जाईल.

खडूफळा

@कासवगती, परीक्षेपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त यादी कशी वापरायची ते परीक्षेप्रमाणे ठरवा. जीआरईतले विरुद्धार्थी शब्द आणि ॲनालॉजीचे, म्हणजे शब्दजोड्यांतलं नातं ओळखायचे प्रश्न २०११ च्या ऑगस्टमध्ये गेले. आता शब्द विचारतात ते वाक्यातल्या गाळलेल्या जागेत नाहीतर उताऱ्यात, त्यामुळे शब्द आणि त्यासमोर एका शब्दात अर्थ अशी जुनी यादी घोकून अर्धंच काम होतं.

आणि खरा धोका अवघड शब्दांत नसतोच, सोप्या शब्दांच्या दुसऱ्या अर्थात असतो. अरेस्ट म्हणजे अटक हे सगळ्यांना माहिती, पण अरेस्ट द डिक्लाइन म्हणजे घसरण थांबवणे. क्वालिफाइड सक्सेस म्हणजे ‘पात्र’ यश नव्हे, ‘यश मिळालं पण’ असं म्हणण्यासारखं, मर्यादित यश. हजबंड हे क्रियापद म्हणून आलं तर जपून, काटकसरीने वापरणे. वाँटिंग म्हणजे कमी पडणारं, बेस हे विशेषण म्हणून आलं तर हलकं, नीच. सँक्शन तर परवानगीही आणि निर्बंधही, कुठला अर्थ ते आजूबाजूच्या वाक्यावरून ठरतं. असे शब्द दिसले की आपण थांबतच नाही, कारण ते आपल्याला ‘येतात’. त्यामुळे यादी करायचीच असेल तर आधी ही करा.

दुसरं, यादीत एका अर्थाचे दहा शब्द एकाखाली एक लिहिलेले असतात ना, अलिव्हिएट, मिटिगेट, अमेलियोरेट, असवेज, ते एका बैठकीत शिकू नका. सोयीचं वाटतं पण होतं उलटं. टिंकहॅम नावाच्या संशोधकाने १९९३ मध्ये दाखवलं होतं की एकाच गटातले जवळचे शब्द एकदम शिकायला एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण ते एकमेकांत मिसळतात. एक आधी पक्का होऊ द्या, मग दुसरा आणा आणि तेव्हा दोघांतला फरक बघा. इन्जीनियस आणि इन्जेन्युअस, प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब असल्या दिसायला सारख्या जोड्यांना तर हे जास्तच लागू आहे.

अक्षरवेल

खडूफळा, हे एका गटाचे शब्द एकत्र न शिकण्याचं फारच महत्त्वाचं आहे, धन्यवाद. बाजारातली बहुतेक व्होकॅब पुस्तकं बरोबर याच्या उलट रचलेली असतात.

पानगळ

यादीच हवी असेल तर एक चांगली आहे, ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केली. साधारण ३५ लाख शब्दांचा अभ्यासविषयक मजकूर गोळा करून, त्यातून रोजचे २००० शब्द वगळून, वेगवेगळ्या विषयांत सारखे येणारे ५७० शब्दकुटुंबं काढलीत. शब्दकुटुंब म्हणजे ॲनालाइज, ॲनालिसिस, ॲनालिटिकल हे सगळं मिळून एक. अभ्यासाच्या मजकुरात साधारण १० टक्के शब्द या ५७० मधले निघतात. ज्याला रिपोर्ट, प्रबंध, शोधनिबंध लिहायचे आहेत त्याने दुसरं काही करण्याआधी हे बघावं, यात भपकेबाज काही नाही पण उपयोग रोजचा.

सावलीतला

मी पूर्ण वाचनवाला. यादी, ॲप काही नाही. वाचत राहिलं की शब्द आपोआप येतात, लहानपणी मराठी शब्द कोणी पाठ केले होते?

खडूफळा

@सावलीतला, मराठी आपल्या कानावर दिवसभर पडत होती, इंग्रजी तशी पडत नाही, मोठा फरक तिथे आहे. वाचनाला पर्याय नाहीच, पण कुठलं वाचन? पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ मध्ये हिशोब मांडला होता की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायला ८००० ते ९००० शब्दकुटुंबं लागतात, बोलणं कळायला ६००० ते ७०००. त्यात ‘नीट कळणं’ म्हणजे मजकुरातले ९८ टक्के शब्द माहिती असणं असं धरलंय. ९८ टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी, तीनशे शब्दांच्या पानावर सहा. एवढे असतील तर संदर्भावरून अंदाज बांधता येतो. ९५ टक्क्यांवर आलं की त्याच पानावर पंधरा होतात आणि मग आपण अंदाज बांधत नाही, सरळ उड्या मारत पुढे जातो, गोष्ट कळते पण शब्द हाती लागत नाही.

म्हणून पुस्तक निवडताना मधलं एखादं पान उघडून अनोळखी शब्द मोजून बघावेत. शून्य आले तर मजा येईल पण शब्द वाढणार नाहीत, वीस आले तर ते पुस्तक आत्ता बाजूला ठेवा. आणि विषय बदलत राहण्यापेक्षा काही दिवस एकाच विषयावर वेगवेगळ्या लोकांचं वाचा. अर्थकारणावरचे लेख सलग वाचले की कर्ब, बोल्स्टर, स्टेम, ड्विंडल, एक्झॅसर्बेट हे शब्द दर दुसऱ्या लेखात परत भेटतात, त्यासाठी वेगळं घोकावं लागत नाही.

सावलीतला

हे मधलं पान मोजायचं पटलं. विषय धरून वाचणं तर मी नकळत करतच होतो बहुतेक, खगोलशास्त्र सोडून दुसरं वाचतच नाही, त्यामुळे तिथले शब्द येतात आणि बाकीचे नाही!

शून्यप्रहर

स्पेस्ड रिपिटिशनबद्दल कोणीच बोललं नाही अजून म्हणून लिहितो. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्याने त्यासाठी निरर्थक अक्षरगट पाठ केले होते, म्हणजे अर्थाची मदतच नाही. यावरचा उपाय म्हणजे विसरायच्या बेतात असताना परत आठवून बघणं, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत नेणं. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात कागदी कार्डं आणि कप्प्यांची पेटी अशी पद्धत लोकप्रिय केली, आता तेच काम अंकीसारखे ॲप करतात.

यातला ‘आठवून बघणं’ हा भाग लोक गाळतात आणि नुसतं परत परत वाचतात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, त्यात उतारा परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर बघितलं तर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. म्हणजे परत वाचलं की आपल्याला येतंय असं वाटतं, ते वाटणं खोटं असतं.

पण कार्ड कसं बनवता त्यावर सगळं आहे. समोर एक्झॅसर्बेट, मागे ‘आणखी बिघडवणे’ असं कार्ड बनवलं तर ओळखता येईल, वापरता येणार नाही. मी असं बनवतो: समोर वाक्य, ‘द डिले ओन्ली (गाळलेली जागा) द शॉर्टेज’, त्याखाली मराठीत सूचना ‘आधीच वाईट होतं ते आणखी वाईट केलं’, आणि शब्दाचं पहिलं अक्षर. मागे पूर्ण वाक्य, उच्चार, आणि या शब्दाबरोबर येणारे दोन-तीन शब्द, प्रॉब्लेम, टेन्शन्स, शॉर्टेज. वाक्य जिथे तो शब्द भेटला तिथलंच घ्यायचं, शब्दकोशातून उचललेलं नाही, म्हणजे तो लेखही आठवतो. आणि रोज थोडीच नवीन कार्डं. एकदम शंभर घातली की पुढच्या आठवड्यात उजळणीचा डोंगर होतो आणि लोक तिथेच सोडतात.

कासवगती

मराठीत अर्थ लिहिलेला चालतो का? आमच्या क्लासमध्ये सांगतात की मातृभाषा आणायचीच नाही मध्ये.

खडूफळा

चालतो, अगदी बिनधास्त लिहा. पहिल्या ओळखीला मातृभाषेतला अर्थ सगळ्यात पटकन लागतो. अडचण पुढे येते, कारण एका मराठी शब्दाला चिकटून बसलं की त्याच्या कडा दिसत नाहीत. अक्षरवेल यांनी मिटिगेटचं तेच सांगितलंय. म्हणून ओळख मराठीतून करा आणि नंतर लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात जा. लाँगमनच्या डिक्शनरीत १९७८ पासून सगळ्या व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत लिहायची पद्धत आहे, आणि कोबिल्ड डिक्शनरीने १९८७ मध्ये व्याख्याच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली, ‘जेव्हा कोणी अमुक करतं तेव्हा’ अशी, म्हणजे शब्द कोणासोबत आणि कुठल्या रचनेत येतो तेही व्याख्येतच कळतं. मोठ्या जाड शब्दकोशापेक्षा या कामाला हेच बरे.

आता शब्दांच्या सोबतीबद्दल जरा मोठं लिहितो कारण माझ्या मते ॲडव्हान्स्ड म्हणजे इथेच सगळं आहे. मराठीत आपण पांढराशुभ्र म्हणतो, काळाकुट्ट, लालभडक, हिरवागार, पिवळाधमक. कोणी काळाभडक म्हणाला तर अर्थ कळेल पण लगेच लक्षात येईल की हा मराठीत वाढलेला नाही. हे आपल्याला कोणी नियम म्हणून शिकवलं नाही, त्या त्या शब्दाची सोबत ठरलेली आहे. इंग्रजीत हे पावलोपावली आहे आणि वरच्या पातळीला गेल्यावर चुका होतात त्या व्याकरणाच्या नाही, सोबतीच्या. डिसिजन मेक करतात, क्राइम कमिट करतात, पाऊस हेवी असतो पण वारा स्ट्राँग.

त्याहून सूक्ष्म म्हणजे शब्दाचा कल. नोटोरियस म्हणजे प्रसिद्ध पण वाईट गोष्टीसाठी, हे व्याख्येत लिहिलेलं असतं. पण कॉज बघा, अगदी साधं क्रियापद, व्याख्येत कुठे वाईट नाही, तरी प्रत्यक्ष वापरात त्याच्यापुढे बहुतेक डॅमेज, डिले, कन्सर्न, डेथ असंच येतं. राइफ विथ आणि फ्रॉट विथ म्हणजे दोन्ही ‘ने भरलेलं’, पण राइफ विथ म्हटलं की पुढे करप्शन, रूमर्स. फ्रॉट विथ म्हटलं की डेंजर, डिफिकल्टी. हे जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या बरोबरीच्या अभ्यासकांनी खऱ्या मजकुराचे प्रचंड संग्रह तपासून दाखवलं, नुसतं स्वतःला विचारून हे सुचत नाही, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनासुद्धा. असे संग्रह आता आपल्यालाही ऑनलाइन बघता येतात, ब्रिटिश नॅशनल कॉर्पस १० कोटी शब्दांचा आहे, अमेरिकन इंग्रजीचा कोका १०० कोटींच्याही वर. शब्द टाकायचा आणि त्याच्या डावी-उजवीकडे काय येतं त्या ओळी नुसत्या वाचायच्या. वीसेक ओळी वाचल्या तरी जे कळतं ते चार शब्दकोश उघडून कळत नाही.

वेलांटी

मी संस्कृतची विद्यार्थिनी, म्हणून माझ्या बाजूने भर घालते. शब्दांची मुळं बघायची सवय लावा आणि आपल्याकडे याची जी तयारी आधीच आहे ती वापरा. १७८६ मध्ये विल्यम जोन्स या इंग्रज भाषाभ्यासकाने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं, आणि ते नाते इंग्रजी शब्दांत आजही स्वच्छ दिसतं. दंत आणि डेंटल, नाम आणि नॉमिनल, मृत आणि मॉर्टल, नव आणि नॉव्हेल, पाद आणि पेडेस्ट्रियन, विधवा आणि विडो, जनन आणि जेनेसिस, योग-युग्म आणि कॉन्ज्युगल. नॉमिनल फी म्हणजे ‘नावापुरती’ फी, बघा मराठीत पण नावापुरतीच म्हणतो आपण! स्पेक्ट म्हणजे पाहणे हे एक मूळ धरलं की इन्स्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट, आणि सर्कमस्पेक्ट म्हणजे चारी बाजूंनी बघून वागणारा, सावध, हे सगळं एका माळेत येतं. मला तरी याने शब्द लक्षात राहतात, कारण मागे काहीतरी अर्थ असतो.

शून्यप्रहर

वेलांटी, छान, पण मुळांवरून अर्थ काढताना जपून हं. पेड हे लॅटिनमधून आलं तर पाय, ग्रीकमधून आलं तर मूल, म्हणून पेडिॲट्रिशियन पायाचा डॉक्टर नसतो. आणि इन म्हणजे नकार धरला तर इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं होईल, जो चांगलाच जिवावरचा गैरसमज आहे, ते पेटणारंच असतं.

वेलांटी

बरोबर, मूळ हे लक्षात ठेवायला, अंदाज बांधायला नाही. आधी अर्थ बघायचा, मग मूळ.

पानगळ

याला जोडूनच एक. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं, पुढे थेट लॅटिनमधूनही शब्द आले, म्हणून इंग्रजीत एका अर्थाचे दोन-दोन तीन-तीन थर आहेत. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट. किंगली, रॉयल, रीगल. आपल्याला हे समजायला अवघड नाही, पाणी आणि जल, घर आणि गृह यातला फरक आपण विचार न करता पाळतो. तहान लागली तर कोणी जल मागत नाही.

पण इंग्रजीत आपण नेमकं तेच करतो, कारण शाळेत लेखी इंग्रजी शिकलो. बोलताना टॉलरेट म्हणतो जिथे ते लोक पुट अप विथ म्हणतात. डील रद्द झालं तर फॉल थ्रू, शिक्षा न होता सुटला तर गेट अवे विथ, तक्रार झटकून टाकली तर ब्रश ऑफ. छोट्या छोट्या शब्दांचे असे जोड शिकणं हेही ॲडव्हान्स्डच आहे, उलट लांबलचक शब्दापेक्षा अवघड, कारण तुकड्यांवरून अर्थ लागत नाही. ‘यूज’ने काम होत असताना युटिलाइज लिहिणं म्हणजे शब्दसंपत्ती नव्हे.

रानवाट

उच्चार!! वाचून शिकलेले शब्द बोलताना अडकतात. एपिटमी आहे, एपिटोम नाही. हायपर्बली आहे, हायपरबोल नाही. फसाड आहे, फकेड नाही. सटल मध्ये बी नाही, इंडाइट मध्ये सी नाही, डेब्री मध्ये एस नाही. आणि मराठीत नसलेली भानगड म्हणजे आघात, फोटोग्राफ मध्ये पहिल्यावर, फोटोग्राफी मध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिक मध्ये तिसऱ्यावर. ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह असतं, नवीन शब्द ऐकल्याशिवाय वहीत लिहूच नका.

अक्षरवेल

सगळ्यांचे प्रतिसाद भारी. पण माझा शेवटचा प्रश्न अजून तसाच आहे, कळणारा शब्द लिहिण्यात आणायचा कसा? ऐन वेळी तो आठवतच नाही, मजकूर पाठवून झाल्यावर आठवतो.

खडूफळा

यावर सगळ्यात कामाची युक्ती बेंजामिन फ्रँकलिनची आहे आणि ती त्याने आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवलीये. तो लहान असताना त्याच्या हाती ‘स्पेक्टेटर’ या लंडनच्या नियतकालिकाचा एक खंड आला. त्यातला लेख वाचायचा, प्रत्येक वाक्याचा आशय एक-दोन शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस जाऊ द्यायचे, मग मूळ लेख न बघता त्या टिपणांवरून तो लेख स्वतःच्या शब्दांत परत लिहून काढायचा आणि शेवटी मूळ लेखाशी ताडून बघायचा. त्याला त्यात जाणवलं ते हेच की शब्दसाठा कमी पडतो आणि असलेले शब्द वेळेवर आठवत नाहीत. मग त्याने त्यातल्या गोष्टी पद्यात लिहायला घेतल्या, कारण वृत्तासाठी कमी-जास्त लांबीचे आणि यमकासाठी वेगळ्या आवाजाचे शब्द शोधावेच लागतात, आणि काही काळाने पद्याचं परत गद्य केलं.

पद्य सोडा, पहिला भाग करा. आवडत्या लेखकाचा एकच परिच्छेद घ्या, टिपणं मराठीत काढली तरी चालतील, उलट बरंच, कारण इंग्रजी शब्द मग आतून काढावा लागतो. दोन-तीन दिवसांनी लिहा आणि मूळ शेजारी ठेवा. तुम्ही जिथे बिग प्रॉब्लेम लिहिलं तिथे त्याने काय लिहिलंय ते दिसतं, आणि तो शब्द तुम्हाला माहिती असतोच, फक्त हाताला नसतो. जे शब्द असे निसटले तेवढेच शून्यप्रहरच्या पद्धतीने कार्डावर जाऊ द्या. मग यादी दुसऱ्या कोणाची राहत नाही.

अक्षरवेल

हे उद्यापासून नाही, आजच करते.

कासवगती

इथेच सराव करू का? दोन वाक्यं लिहितो, कोणी तपासून द्याल का. १) द कमिटी टूक स्टेप्स टू कर्ब स्पेंडिंग. २) अवर टीम इज फ्रॉट विथ टॅलेंट.

खडूफळा

पहिलं एकदम बरोबर. कर्बची सोबत स्पेंडिंग, इन्फ्लेशन, एमिशन्स अशीच असते, जे वाढत चाललंय आणि आवरायला हवं ते. दुसऱ्यात फ्रॉट बदला, त्याच्यापुढे संकटच येतं, वाचणाऱ्याला वाटेल टीममध्ये टॅलेंट आहे हीच अडचण आहे. ब्रिमिंग विथ टॅलेंट लिहा.

कासवगती

ओके, ब्रिमिंग. कॉर्पसमध्ये टाकून बघितलं आत्ता, कॉन्फिडन्स, आयडियाज, एनर्जी असं येतंय त्याच्यापुढे, पण टिअर्स पण येतंय. ते कसं?

खडूफळा

काठोकाठ भरलेलं हा त्याचा मूळ अर्थ, म्हणून डोळे ब्रिमिंग विथ टिअर्स. फ्रॉटसारखा तो वाईटाकडे झुकलेला नाही, दोन्हीकडे चालतो. पुढची वाक्यं टाका.